दुखणं माझं, उत्तर नानांचं

आजारातून उठलेलं माणूस लिहायला बसलं की आधी देवाचे आभार मानतं, मग डॉक्टरांचे, मग घरच्यांचे. मी कुणाचेच मानणार नाही. देवाचं आणि माझं काय ते आम्ही बघून घेऊ. बाकीच्यांवर माझा राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगते. ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी इथंच थांबावं.

लिहायचं कारण वेगळं आहे. गंगेवर माझ्या शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या बाईच्या सुनेला परवा डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढायचा. ती पोर मला विचारायला आली, "मावशी, लय दुखतं का हो?" मी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे, फक्त शिव्या गाळून.

पिवळे हात

मी सुमन. मखमलाबादला आमचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा. मळ्यातलं सगळं माझे मोठे दीर, म्हणजे नाना, आणि माझा नवरा बघायचे. फुलं विकायला पंचवटीत गंगेवर मी बसायची. गंगा म्हणजे गोदावरी, नाशिकचं माणूस तिला दुसरं काही म्हणत नाही. बाजारात माझा आवाज असा की पलीकडच्या काठावरचं गिऱ्हाईक वळून बघायचं. पोलिसाशी भांडले आहे, पुजाऱ्याशी भांडले आहे, माझ्या पाटीत तोंड घालणाऱ्या गाईशीसुद्धा भांडले आहे.

आणि हीच मी घरात नानांसमोर मुकी. आमच्याकडची रीतच तशी. मोठ्या दिरासमोर पदर डोक्यावर आणि आवाज घशात. काही सांगायचं असलं तर मी माझ्या जावेला, आक्काला, सांगायचं. आक्का तिच्या नवऱ्याला, म्हणजे नानांना, सांगणार. नाना काय ते ठरवणार आणि उत्तर त्याच वाटेनं माघारी येणार. मीठ संपलं तरी हीच वाट, ताप आला तरी हीच.

नव्व्याण्णव सालच्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याच्या तोंडावर झेंडू तोडणाऱ्या बाईचे हात पिवळे नसले तरच नवल. नखं पिवळी, तळवे पिवळे, घाम पुसला की कपाळ पिवळं. त्या रंगाखाली मी स्वतः पिवळी पडत चालले होते आणि घरात कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. अंगाला खाज सुटायची, म्हटलं फुलांवर मारलेलं औषध बाधलं असेल. अन्न बघून मळमळायचं, म्हटलं दगदग. लघवी गडद व्हायला लागली, ते तर सांगायचं कुणाला? नानांपर्यंत जाणारी ती वाट असल्या गोष्टींसाठी नव्हतीच.

शेवटी एक गिऱ्हाईक बाई भाव करता करता थांबली. म्हणाली, "मावशी, आरशात डोळे बघा तुमचे."

"झेंडूचेच डोळे हायेत, घ्यायचे तर घ्या," मी म्हटलं. पण घरी गेल्यावर आरसा घेतला. डोळ्यांना काही मी फुलं चोळली नव्हती.

कावीळ म्हणून नानांनी आधी झाडपाल्याचं औषध आणवलं. त्यात दसरा गेला. मग ताप भरला, थंडी वाजायला लागली, तेव्हा कुठे मला दवाखान्यात नेलं. माझं पित्ताशय त्याआधी दोनेक वर्षांपूर्वी काढलेलं होतं आणि मी समजत होते की सुटले. सोनोग्राफीत दिसलं की एक खडा मागे राहून पित्तनळीत बूच बसल्यासारखा बसलाय.

अर्ध्या तासाचं काम

दुर्बिणीनं खडा काढणारा डॉक्टर तेव्हा मुंबईहून यायचा, आठवड्यातून एकदा. सकाळी येणार, ओळीनं पेशंट करणार आणि संध्याकाळी परत जाणार. त्याला सगळे "साहेब" म्हणत. साहेब माझ्या खाटेशी आले, रिपोर्ट उजेडात धरला, आणि नानांना घेऊन बाहेर गेले.

बाहेर काय बोलणं झालं ते मला फार नंतर कळलं. साहेबांनी नानांना सांगितलं होतं की नळीच्या तोंडाशी बारीक चीर द्यावी लागते. कधी रक्त जातं, कधी स्वादुपिंड सुजतं, आणि क्वचित आतड्याला भोक पडतं. पडलं तर उपास, सलाइन, वेळ आली तर मोठं ऑपरेशन. नाना म्हणाले, "साहेब, आम्हाला काय कळतंय, तुम्ही कराल ते बरोबर." आणि सही केली.

मग नानांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "थोडा धोका आसतो, सगळ्यातच आसतो." नवऱ्यानं आक्काला सांगितलं, "दुर्बिणीचं काम हाय, पोट फाडत नाय." आणि आक्का माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "आर्ध्या तासाचं काम हाय म्हणे, सुमे. संध्याकाळी च्या पिशील."

आतड्यातलं भोक वाटेतच कुठंतरी राहून गेलं. माझ्यापर्यंत फक्त चहा पोचला.

घशात कडू फवारा मारला, घसा बधिर. दातांत प्लास्टिकची कडी घातली, कुशीवर झोपवलं, हातात इंजेक्शन दिलं. मी पूर्ण झोपले नव्हते. काळी नळी घशातून उतरताना ओकाऱ्या येत होत्या आणि कुणीतरी "गिळा, गिळा, गिळा" म्हणत होतं. गिळू काय, कपाळ तुझं! तोंडात कडी होती म्हणून, नाहीतर त्या माणसाची काही खैर नव्हती. मग साहेबांचा आवाज ऐकला, "मोठा आहे, निघतोय, निघतोय." त्यानंतरचं आठवत नाही.

बाहेर आणलं तेव्हा सगळे हसत होते. खडा निघाला. सूज उतरेपर्यंत पित्त वाहतं राहावं म्हणून नळीत एक प्लास्टिकची बारीक नळी ठेवली होती, ती तीन महिन्यांनी काढायची. नानांनी साहेबांच्या पायाला हात लावला. साहेब मुंबईला गेले.

गॅस

दुखायला लागलं ते दुपार कलल्यावर. उजव्या बरगडीखालून निघून पाठीत आरपार. मी तीन बाळंतपणं केलेली बाई, कळ म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. बाळंतपणातली कळ येते आणि जाते. ही आली ती बसलीच.

नाना खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर. मी पदर ओढलेला. आक्का उशाशी.

"आक्का," मी हळूच म्हटलं, "पोटात कायतरी फाटल्यावानी व्हतंय गं."

आक्का नानांच्या कानाशी गेली. "पोट धरलंय म्हणती."

दवाखान्यात रात्रंदिवस असणारा एक तरुण डॉक्टर होता, आम्ही त्याला छोटे डॉक्टर म्हणायचो. तो आला, खाटेशी उभा राहिला, नाडी बघितली आणि नानांकडे बघून विचारलं, "काय, कशा आहेत?"

"बरं हाय," नाना म्हणाले. "जरा गॅस धरलाय."

बघा कसं झालं ते. फाटल्यासारखं होतंय, ते खाली येता येता पोट धरलं, आणि तिथून गॅस. मी तिथंच होते, हातभर अंतरावर, शुद्धीत. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. छोट्या डॉक्टरनं गॅसचं इंजेक्शन लिहिलं. साहेब जाताना सांगून गेले होते की दुखत नसेल तर संध्याकाळी पातळ काहीतरी सुरू करा. आता दुखतंय का ते ज्यानं सांगायचं त्यानं सांगूनच टाकलं होतं. तेव्हा नानांनी खालच्या टपरीवरून चहा मागवला.

मी घेतला. नानांनी मागवलेला चहा नको म्हणायची आमच्यात सोय नाही. दोन घोट गेले आणि पोटात निखारा पडावा तसं झालं. कप आक्काच्या हातात कलंडला. माझ्या तोंडून निघालं ते "आई गं" एवढंच, आणि तेही पदराआड.

"गॅस वर सरकला," नाना म्हणाले.

माझा नवरा कुठे होता, तुम्ही विचाराल. तिथंच होता. भावाच्या मागे उभा होता. भाऊ बसला की हा उभा राहतो आणि भाऊ बोलला की हा मान हलवतो. लग्न झाल्यापासून मी ती मान बघत आले आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ती धरून पिळावीशी वाटली.

गळा

रात्र कशी गेली ते मी लिहिणार नाही. सकाळी अंगात ताप होता आणि श्वास घेतला की पाठीत टोचत होतं. पदर सारखा करायला मी हात मानेला लावला तर मान सुजलेली, मंगळसूत्र रुतलेलं. बोटानं दाबलं तर कातडीखाली चुरचुर चुरचुर. वाळलेला झेंडू मुठीत चुरडला की होतो ना, तसा आवाज. कानानं नाही, बोटानं ऐकू येत होता.

मी आक्काचा हात धरून तिथं लावला. तिनं असा झटकन मागे घेतला!

"हे काय गं, सुमे?"

"मला काय ठाव? सांग त्यांना."

आक्का नानांकडे वळली. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात राउंड आला. छोटे डॉक्टर, दोन सिस्टर, ट्रे. बाहेरचे पुरुष आले की आक्काचं तोंड मिटतं, तसं ते मिटलं. छोट्या डॉक्टरनं कागद बघितला, थोडा ताप दिसतोय म्हणाला, आणि नानांना विचारलं, "बाकी कशा आहेत?"

"बरं हाय," नाना म्हणाले. "आज घरी नेलं तर चालंल का?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते ते मला तेव्हा कळलं. घरी! ह्या माणसाच्या बरं हाय वर मी मरणार होते. माझं मयत झालं तरी दारात उभं राहून हे सांगतील, बरं हाय, जरा गॅस झाला होता.

मी डोक्यावरचा पदर काढला आणि गंगेवरच्या आवाजात ओरडले.

"ओ डॉक्टर! इकडं बघा! आजारी मी हाय, ते नाय! कालपास्नं माझं पोट फाटतंय आन् तुम्ही स्टुलाला इचारताय व्हय? इथं हात लावा, इथं, गळ्याला. लावा म्हणते ना!"

 पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. नानांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ बघितला. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

छोट्या डॉक्टरनं दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. दाबली. पुन्हा दाबली. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ह्यांना तोंडानं काय दिलं?" त्यानं विचारलं, आणि ह्या वेळी मला विचारलं.

"च्या," मी म्हटलं. "दोन घोट. त्यांनी दिला."

नाना उठले आणि बाहेर गेले. मी तिथं होते तोवर ते पुन्हा आले नाहीत.

थांबून बघणं

आतड्याला भोक पडलं होतं. चीर दिली तिथं, मागच्या बाजूनं. तिथून हवा निघून कातडीखालून गळ्यापर्यंत चढली होती, ती चुरचुर म्हणजे ती हवा. सीटी स्कॅनला नेलं, मुंबईला फोन लागले, नाकातून पोटात नळी घातली, दोन्ही हातांना सुया. तोंडानं काही नाही. थेंब नाही.

एक मोठे सर्जन आले. पोट दाबून म्हणाले, "भोक लहान दिसतंय. शरीराला बुजवायची संधी देऊ. पोट रिकामं ठेवायचं, अँटिबायोटिक द्यायचं आणि नजर ठेवायची. पोट कडक झालं, नाडी वाढली, ताप चढला, तर उघडावं लागेल." आणि मग मला म्हणाले, "तुम्ही मला खरं सांगायचं. माझ्या बोटांपेक्षा तुम्हाला आधी कळेल."

ह्या माणसावर माझा राग नाही. एवढ्या सगळ्यात हा एकच.

थांबून बघणं हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. नाकातली नळी घशाला घासते आणि हिरवं पाणी पिशवीत उतरत राहतं, आणि तुमचं तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटते. सिस्टर कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायची. त्या बोळ्यासाठी मी लाचार झाले होते. मी, जी पोलिसाला ऐकत नाही! एकदा बोळा चोखला तर सिस्टर ओरडली, "ओ मावशी, चोखायचं नाही!" तेव्हा मला रडूच आलं. दुखण्यानं आलं नव्हतं, त्यानं आलं.

आणि भेटायला येणारे. देवा! खाटेभोवती उभं राहून वाटाण्याच्या उसळीवर बोलायचे. कुणाची चुलती असंच होऊन गेली. कुणी म्हणायचं, सकारात्मक राहा. एका मावसजावेनं नारळपाणी आणलं आणि म्हणाली, "ह्यानं काय व्हतंय, देवाचं पाणी हाय." मी तिला हातानंच दार दाखवलं. घसा नळीनं भरलेला होता हे तिचं नशीब.

भीती वाटत होती का? वाटत होती. रोज सकाळी सर्जनची बोटं पोटावर यायच्या आधी मी स्वतःच पोट चाचपून बघायची, कडक झालंय का. धाकटी पोरगी शाळेत होती. तिच्या वेण्या कोण घालत असेल, असल्या गोष्टी मनात यायच्या. मरणाचा मोठा विचार मला काही जमला नाही.

घरात वेगळंच पेटलं होतं. नानांनी जेवणावरून उठून सांगितलं होतं, "बाईनं चारचौघांत माझी आब्रू घेतली. तिच्याशी माझं बोलणं संपलं." आता गंमत बघा, बोलणं होतंच कधी? पण घरात ते फार मोठं मानलं गेलं. माझा नवरा खाली मान घालून खाटेशी आला.

"तेवढं माफीचं म्हण," तो म्हणाला. "घर तुटंल."

नाकात नळी, तरी मी बोलले. "पोटाला भोक मला पडलंय. आन् घर तुटंल ते तुमचं?"

 संध्याकाळी तो घरी गेला नाही, तिथंच फरशीवर सतरंजी टाकून झोपला, आणि दुसऱ्या दिवशीही. माफीचं पुन्हा काढलं नाही. मी त्याचं कौतुक करणार नाही, पण हे घडलं ते लिहिलं पाहिजे.

पोट कुणाचं

पुढच्या फेरीला साहेब मुंबईहून आले. खुर्ची ओढून बसले, ही नवलाई. म्हणाले, "खडा मोठा होता. चीर थोडी जास्त द्यावी लागली. हा धोका आम्हाला माहीत असतो, कितीही जपलं तरी कधी होतं. मी तुमच्या घरच्यांना कल्पना दिली होती."

"कुणाला?"

"तुमच्या दिरांना. त्यांनी सहीसुद्धा केली."

"साहेब, पोट त्यांचं व्हतं का?"

साहेब म्हणाले, "पेशंट घाबरतात. म्हणून नातेवाइकांना सांगतो. पद्धत आहे."

"मी घाबरले आसते," मी म्हटलं. "घाबरले आसते म्हणून दुखल्याबरोबर वरडले आसते. च्या पिले नसते. तुमची पद्धत आन् आमची रीत, दोघींनी मिळून मला मारायचंच राहिलं व्हतं."

त्यांना माझा राग आला, दिसला मला. येऊ दे. तेव्हा छोटा डॉक्टर मागे उभा होता. साहेब गेल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, मी तुम्हालाच विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." 

पोट कडक झालं नाही. ताप उतरला. गळ्यातली चुरचुर एक दिवस बोटाला लागेना. पांढरं औषध पाजून एक्सरे काढला, कुठून गळत नाही असं दिसलं, आणि मला चमच्यानं पाणी दिलं. पाण्याला चव असते. ज्यांना वाटतं नसते त्यांनी कधी उपास केलेला नाही.

पुन्हा तीच नळी

संक्रांतीनंतर ती आत ठेवलेली प्लास्टिकची नळी काढायची होती. काढली नाही तर तुंबते आणि पुन्हा कावीळ. म्हणजे पुन्हा तो घसा, पुन्हा ती कडी, पुन्हा तेच साहेब. घरात आता दोन चुली झाल्या होत्या. मी घाबरून आठवडे ढकलत होते, खोटं कशाला सांगू.

शेवटी गेले. साहेबांना आधीच म्हटलं, "ह्या टायमाला काय फाटू शकतं ते मला सांगा."

त्यांनी सांगितलं. आता चीर द्यायची नाही, नुसती नळी चिमट्यात धरून ओढायची, धोका फार कमी, पण शून्य नाही. दुखलं तर लगेच सांगायचं, ते म्हणेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही.

"आन् तुम्ही संध्याकाळपर्यंत नाशकात थांबायचं," मी म्हटलं. "दुखतंय का, ते मला इचारायचं. भिंतीला इचारा, सिस्टरला इचारा, पण आधी मला."

थांबले. कुरकुरत थांबले. कागदावर सही मी केली. चार वाजता येऊन त्यांनी विचारलं, "सुमनबाई, दुखतंय का?" मी पोटावर हात ठेवला, नीट विचार केला आणि सांगितलं, "नाय." हे नाय माझं स्वतःचं होतं. बाहेर नवरा उभा होता, त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि तो फार सुखात दिसला.

त्या भाजीवालीच्या सुनेला मी हेच सांगितलं. दुर्बिणीला नको म्हणू नकोस. खडा ठेवला तर तो मारील. पण धोका तुझ्या कानानं ऐक. काम झाल्यावर साहेब गावात असणार का, नसला तर कोण असणार, ते विचार. आणि दुखलं तर सासरा समोर असो की देव, ओरड.

बरं हाय

गोष्ट इथं संपली असती तर मी जिंकले असं म्हटलं असतं. पण सहा-सात वर्षांनी नानांच्याच पोटात खडे निघाले. नानांनी माझ्याशी न बोलायचं व्रत पाळलेलं होतं, पण खड्यांना ते कुठलं कळतंय! त्यांचं पित्ताशय काढलं, त्याच दवाखान्यात. आक्का मला बोलवायला आली. म्हणाली, "तू काय बोलू नको. नुसती हुबी ऱ्हा माझ्यापाशी." म्हणून गेले, दाराशी उभी राहिले.

छोटा डॉक्टर आता छोटा राहिला नव्हता, केस विरळ झाले होते. पण शिकला होता, मानलं. खाटेजवळ आला, आक्काकडे बघितलंसुद्धा नाही, नानांकडे वाकून त्यांनाच विचारलं, "नाना, कसं वाटतंय? दुखतंय का?"

नानांचा चेहरा मेणासारखा. कपाळावर घाम. चादर मुठीत आवळलेली.

"बरं हाय," नाना म्हणाले.

मी बघतच राहिले. मला इतकी वर्षं वाटत होतं की हे माणूस माझं दुखणं दाबतंय. अहो, ते स्वतःचंही तसंच दाबत होतं. ह्यांच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. डॉक्टरनं मान हलवली, कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी पदर खोचला, तोंड उघडलं.

माझ्याआधी आक्का बोलली. परक्या पुरुषासमोर, नवऱ्यासमोर, डोक्यावर पदर नाही.

"खोटं बोलत्यात, डॉक्टरसाहेब. लय दुखतंय त्यांना. पहाटंपास्नं कन्हतायत, अंग भट्टीवानी तापलंय. लावा हात. लावा म्हणते ना!"

नाना डोळे वटारून तिच्याकडे बघत होते. ती हलली नाही. डॉक्टरनं चादर काढून पोटाला हात लावला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पुन्हा एकदा पळालेलं मी बघितलं. आत पित्त गळत होतं. त्याच दिवशी पुन्हा टेबलावर घेतलं. वेळेत घेतलं म्हणून वाचले.

घरी आल्यावर आठवड्यानं आक्का माझ्या चुलीकडे आली. बसली, उगीच इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "हे म्हणले, सुमनला सांग."

"काय सांग?"

"बरं झालं, आली व्हती."

"एवढंच?"

"एवढंच."

मला ती वाट ठाऊक आहे. तिच्यावरून जाताना गोष्ट केवढी लहान होते ते माझ्या पोटाला ठाऊक आहे. नानांच्या मनातून ते निघालं तेव्हा केवढं होतं, देव जाणे. पण मी आता त्या वाटेनं आलेलं काही घेत नाही.

"त्यांना म्हणावं, स्वतः येऊन सांगा," मी म्हटलं. "आंगणच तर वलांडायचंय."

अजून आलेले नाहीत. आले तर चहा टाकीन. पण कप हातात द्यायच्या आधी विचारीन, नाना, दुखतंय का? आणि बरं हाय म्हणाले, तर चहा मीच पिऊन टाकीन.